समाजवाद घटनेत लिहायचा की मतपेटीवर सोडायचा?

१७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. त्यांची तक्रार अशी होती की, ठरावात सामाजिक आणि आर्थिक न्यायाची भाषा आहे, पण तो न्याय प्रत्यक्षात आणायचा कसा, याबद्दल ठराव गप्प आहे. उद्योगधंद्यांचं आणि जमिनीचं राष्ट्रीयीकरण केलं जाईल, असं त्यात स्वच्छ लिहायला हवं होतं.

१५ नोव्हेंबर १९४८ रोजी त्याच घटना समितीत अर्थशास्त्राचे प्राध्यापक के. टी. शाह यांनी दुरुस्ती मांडली. भारत हे ‘धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी’ राज्य असेल, असे शब्द पहिल्याच कलमात घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. तिला विरोध करायला उभे राहिले ते आंबेडकरच. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचं, घटनेनं त्यांचे हात बांधायचे नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

दोन भाषणांमध्ये पुरती दोन वर्षंही गेलेली नाहीत. १९७६ मध्ये उद्देशिकेत घातलेला ‘समाजवादी’ शब्द काढा म्हणणारे आज दुसरं भाषण नाचवतात, राष्ट्रीयीकरणाचे पाठीराखे पहिलं. दोघेही खोटं बोलत नाहीत, फक्त निम्मंच सांगतात. या दोन भाषणांच्या मधोमध लोकशाहीतल्या समाजवादाचा सगळ्यात अवघड प्रश्न बसला आहे. आर्थिक समता आणायची असेल तर ती कोणत्याही सरकारला मोडता येणार नाही अशी घटनेत कोरून ठेवायची, की दर पाच वर्षांनी मतदारांना ठरवू द्यायची?

आधी ‘समता’ म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो ते सोडवून घेऊ, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात सोपी समता कायद्यापुढची. कलम १४ आणि प्रौढ मताधिकार. कारखानदाराचं एक मत आणि त्याच्या फाटकावरच्या वॉचमनचंही एकच मत. उदारमतवादी विचार बहुतेक वेळा इथे थांबतो. नियम सगळ्यांना सारखे असले की पुढे कोण किती कमावतो हा ज्याचा त्याचा प्रश्न.

त्यापुढे गेलं की दोन वाटा फुटतात आणि त्यांतला फरक भल्याभल्यांच्या बोलण्यात पुसला जातो. एका वाटेला कल्याणकारी राज्य म्हणतात. बाजार चालू द्यायचा, मालकी आहे तिथेच ठेवायची, पण कर घेऊन शाळा, दवाखाने, रेशन, पेन्शन यांवर खर्च करायचा. दुसरी वाट समाजवादाची. तिचं म्हणणं असं की, वाटप नंतर कितीही दुरुस्त करा, जोवर जमीन, कारखाने आणि भांडवल मोजक्यांच्या हातात आहे तोवर सत्ता त्यांचीच. पंगतीत सगळ्यांच्या पानात सारखं वाढलं, तरी कोठीघराची किल्ली एकाच्याच कनवटीला असेल, तर उद्याची पंगत बसेल की नाही हे तोच ठरवणार. कल्याणकारी राज्य वाढप्यावर लक्ष ठेवतं, समाजवाद किल्ली मागतो.

किल्ली मागायची तर ती घ्यायची कशी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत यावर मोठा वाद झाला. एदुआर्द बर्नश्टाइन यांनी मार्क्सवाद्यांना सुनावलं की क्रांतीची वाट बघत बसू नका. कामगारांना मत मिळालं आहे, संघटना आहेत, सहकारी संस्था आहेत, निवडणुका जिंकत टप्प्याटप्प्यानं पुढे जा. युरोपातले सोशल डेमोक्रॅट पक्ष पुढे याच वाटेनं गेले. या वाटेतली अडचण साधी आहे. मतपेटीनं दिलेलं मतपेटी परत घेऊ शकते. तुम्ही कष्टानं बहुमत मिळवून खाणी सरकारी करा, पुढच्या निवडणुकीत दुसरा पक्ष येऊन त्या विकून मोकळा होईल.

उलट बाजूचा आक्षेपही हलका नाही. हायेक यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ म्हणत की सगळी मालकी सरकारकडे गेली, तर सरकारविरुद्ध बोलणारा माणूस पोट कुठे भरणार? मालक एकच आणि तोच राज्यकर्ता. सोव्हिएत रशियात हे नुसतं पुस्तकी भय उरलं नव्हतं.

आंबेडकरांचा आराखडा

१९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन या आपल्या पक्षाच्या वतीनं घटना समितीपुढे ठेवण्यासाठी आंबेडकरांनी एक निवेदन तयार केलं. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावानं ते प्रसिद्ध आहे. त्याचं नाव घेणारे पुष्कळ, आतली कलमं वाचणारे थोडे. आणि खरी मजा कलमांतच आहे, कारण नेता भाषणात जे बोलतो त्याहून वकील मसुद्यात जे लिहितो ते जास्त बोलकं असतं.

मसुदा असा: कळीचे उद्योग सरकारच्या मालकीचे आणि सरकारनंच चालवायचे. मूलभूत उद्योग सरकारच्या किंवा सरकारी महामंडळांच्या ताब्यात. विमा ही सरकारची मक्तेदारी. प्रत्येक प्रौढ नागरिकानं आपल्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवायचा, तोही सक्तीनं. शेती हा सरकारी उद्योग. आणि हे सगळं घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत अमलात यायला हवं.

शेतीचा भाग तर अगदी बारकाईनं लिहिलेला आहे. मालक, कूळ, गहाणदार, सगळ्यांचे हक्क सरकार घेणार, पण फुकट नाही. जमिनीच्या किमतीइतके कर्जरोखे त्यांना मिळणार. ते विकता येतील, वारसांना देता येतील, त्यांवर व्याज मिळेल. रोखे घेऊन जमीन मात्र परत मागता येणार नाही. मग सरकार जमिनीचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडून गावातल्या कुटुंबांच्या गटांना सामुदायिक शेतीसाठी देणार. जात-धर्म न बघता द्यायचे, आणि असे द्यायचे की गावात जमीनदारही उरू नये, कूळही उरू नये आणि भूमिहीन मजूरही उरू नये. पाणी, बैल, अवजारं, खत, बियाणं सरकार पुरवणार. पिकातून शेतसारा, रोख्यांचं व्याज आणि अवजारांचा आकार वळता करून उरलेलं धान्य कसणाऱ्यांत वाटायचं.

स्टालिनच्या सामूहिकीकरणाशी याचं नुसतं वरवरचं साम्य आहे. तिथे कुलकांना, म्हणजे सधन शेतकऱ्यांना, बंदुकीच्या जोरावर घालवलं, इथे भरपाईचा हिशेब कागदावर मांडला आहे आणि संसद, न्यायालय, मूलभूत हक्क शाबूत आहेत. विम्याची सक्ती बघून आज कपाळाला आठ्या पडतील, पण तीमागचा विचार पक्का व्यवहारी होता. माणसाला संरक्षण मिळेल आणि सरकारला योजनांसाठी बाजारातून चढ्या व्याजानं पैसा उचलावा लागणार नाही.

शेतीबद्दल इतका आग्रह का, याचं उत्तर त्यांनी निवेदनातच दिलं आहे. तुकडेजोड करा, कूळ कायदे करा, त्यातून सहा कोटी अस्पृश्यांच्या पदरात काहीही पडणार नाही, कारण ते कूळसुद्धा नाहीत, ते निव्वळ मजूर आहेत. हे लिहिणारा माणूस कुळांचा शत्रू नव्हता. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत कोकणातली खोती रद्द करण्याचं विधेयक त्यांनीच मांडलं होतं. खोताच्या जाचातून कूळ सुटलं म्हणजे त्याच्या बांधावरचा गडी सुटत नाही, हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं.

आणि हे सारं घटनेतच का? कायदेमंडळ करील की पुढे! इथे ते थेट बर्नश्टाइनच्या अडचणीवर बोट ठेवतात. संसदीय लोकशाहीत बहुमत बदलत राहतं, एका बहुमतानं उभं केलेलं दुसरं बहुमत मोडतं, आणि अर्थव्यवस्थेची पुनर्रचना काही पाच वर्षांत होत नाही. हुकूमशाहीत ती टिकेल, पण स्वातंत्र्य जाईल. तेव्हा संसद ठेवा, स्वातंत्र्य ठेवा आणि मालकीचा प्रश्न घटनेच्या कायद्यात अशा जागी ठेवा की साध्या बहुमताचा हात तिथे पोचणार नाही. हायेकच्या आक्षेपालाही त्यांच्याकडे उत्तर होतं. सरकारचं नियंत्रण नाही म्हणजे माणूस स्वतंत्र, असं नाही. बेकार माणूस नोकरीसाठी संघटनेचा, बोलण्याचा, सगळे हक्क सोडायला तयार होतो. सरकार बाजूला झालं की त्या जागी खाजगी मालकाची हुकूमत येते.

माझ्या मते या आराखड्याचं निदान अचूक आहे, औषधाबद्दल मात्र शंका घ्यायला जागा आहे. सामुदायिक शेती गावातले लोक मनानं करतील का, त्यात जात आडवी येणार नाही का, आणि पेरणीच्या तोंडावर सरकारी बैल वेळेवर पोचेल का, हे प्रश्न कर्जरोख्यांनी सुटत नाहीत.

मग १९४८ मध्ये काय बदललं?

मार्च १९४७ मध्ये आंबेडकर घटना समितीत एका छोट्या पक्षाचे सभासद होते, बंगालमधून निवडून आलेले. फाळणीत ती जागा गेली, जुलैत ते मुंबईतून पुन्हा आले आणि २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष झाले. मधल्या काळात राष्ट्रीयीकरणाची कलमं मूलभूत हक्कांत घालायला कोणी तयार झालं नव्हतं. उलट मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत आला. आर्थिक न्यायाची भाषा मार्गदर्शक तत्त्वांत गेली. कलम ३९ (ख) सांगतं की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण यांची विभागणी सर्वांच्या हिताला उपकारक होईल अशी व्हावी. ३९ (ग) सांगतं की संपत्ती आणि उत्पादनाची साधनं मोजक्या हातांत एकवटू नयेत. वाक्यं भारदस्त आहेत, पण ती मोडली म्हणून कोर्टात जाता येत नाही. कलम ३७ तसं स्पष्ट म्हणतं.

म्हणून १९४८ च्या भाषणाला मी घूमजाव म्हणणार नाही. शाह यांची दुरुस्ती नुसतं एक विशेषण देत होती. कोणाची मालकी जाणार, भरपाई कशी, मुदत किती, यांपैकी त्यात काहीच नव्हतं. ज्या माणसानं बैलापासून कर्जरोख्यापर्यंत सगळं लिहून दिलं होतं आणि ते नाकारलं गेल्याचं पाहिलं होतं, त्याला या बिल्ल्याचं काय कौतुक? दुरुस्ती अनावश्यक आहे, हा त्यांचा दुसरा मुद्दा होता. जे हवं ते मार्गदर्शक तत्त्वांत आलेलंच आहे. पण पहिला मुद्दा, म्हणजे लोकांचे हात बांधू नका, हा १९४७ च्या भूमिकेशी सरळ भांडतो आणि ते भांडण कोणी झाकून ठेवू नये. फेडरेशनचा वकील म्हणून ते भूमिहीनांची बाजू लढवत होते. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून ज्यावर सगळ्यांना सही करता येईल असा दस्तऐवज त्यांना हवा होता. काळजी मात्र गेली नव्हती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावलं की २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या जीवनात शिरत आहोत: राजकारणात एक माणूस एक मत आणि एक मत एक मूल्य, पण समाजात, अर्थकारणात विषमता.

मतपेटीनं काय दिलं

आंबेडकरांच्या यादीतलं विम्याचं कलम बघा. १९ जानेवारी १९५६ ला वटहुकूम निघाला आणि आयुर्विमा सरकारकडे आला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे. १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं, दोनशेहून जास्त कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून. विमेदारांचा पैसा सरकारी रोख्यांत आणि विकासकामांत जाऊ लागला; नेमकी हीच अपेक्षा १९४७ च्या मसुद्यात होती, सक्ती तेवढी वगळून. पण हा साधा कायदा होता. १९९९ मध्ये दुसऱ्या कायद्यानं खाजगी कंपन्यांना दार उघडलं आणि मे २०२२ मध्ये महामंडळाचे शेअर बाजारात आले. यात वाईट झालं की चांगलं, यावर दोन मतं आहेत. पण एका बहुमतानं बांधलेलं दुसरं बहुमत सोडवतं हे भाकीत मात्र शब्दशः खरं ठरलं.

जमिनीचं तसंच. मुंबई कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ या दिवशी कायद्यानं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ अशी नोंद दिसते. म्हणजे ती जमीन विकताना आजही या कायद्याची आठवण ठेवावी लागते. महाराष्ट्रातल्या शेतकरी जातींच्या राजकीय बळाचा पाया यात आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. शेतमजुराचं नाव मात्र त्या रकान्यात कधी आलंच नाही. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यातून काही भूमिहीनांना जमिनी मिळाल्या हेही खरं, पण कुळांना मिळालं त्याच्या पासंगालाही ते पुरत नाही.

आणि सरकारी शेतीचाही प्रयोग आपल्याकडे झाला, हे बरेच जण विसरतात. खाजगी साखर कारखान्यांनी खंडानं घेतलेल्या हजारो एकर जमिनी याच कमाल जमीनधारणा कायद्याखाली सरकारकडे आल्या आणि १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ निघालं. श्रीरामपूर, कोपरगाव भागातले मळे त्याचेच. आंबेडकरांच्या मसुद्यातलं वाटप इथे नव्हतं. सरकार मालक, कामगार मजूर. पुढे मूळ मालकांनी, म्हणजे खंडकरी शेतकऱ्यांनी, वर्षानुवर्षं आंदोलन केलं आणि जमिनी त्यांना परत देण्याचा निर्णय झाला. त्यांचा दावा खरा होता. पण मळ्यावर राबलेला कामगार मजूर म्हणून आला आणि मजूर म्हणूनच राहिला. मतपेटीच्या समतेचा हा स्वभाव आहे: जो संघटित आहे, ज्याच्याकडे निदान एखादा जुना कागद आहे, त्याला ती आधी ओळखते.

भूमिहीनांच्या पदरात मतपेटीनं टाकलेली सगळ्यात मोठी गोष्ट जमीन नव्हती, काम होतं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं पसरली, वि. स. पागे यांनी तिची कल्पना रुजवली आणि १९७७ मध्ये कायदा झाला. खर्च भागवायला शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या पगाराच्या स्लिपवर तो अजून आहे: दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. कनवटीची किल्ली कोणी मागितली नाही. शहरानं कर दिला आणि खेड्यातल्या मजुराला मागेल त्याला काम हा हक्क मिळाला, म्हणून विधिमंडळात डावे-उजवे सगळे एकत्र येऊ शकले. केंद्रानं असा कायदा करायला २००५ उजाडलं.

गिरगावातली खोली आणि नऊ न्यायमूर्ती

१९७१ मध्ये पंचविसाव्या घटनादुरुस्तीनं कलम ३१-ग आणलं (इंग्रजीतलं ३१ सी). त्याचा सोपा अर्थ असा की, एखादा कायदा ३९ (ख) किंवा (ग) साठी केलेला असेल, तर तो समानतेच्या किंवा स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कांविरुद्ध आहे म्हणून रद्द करता येणार नाही. १९७३ च्या केशवानंद भारती निकालात हा गाभा टिकला. म्हणजे एखाद्या सरकारनं म्हटलं की ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ आहे, तर त्याच्या हातात ढाल आली. तेव्हा सगळं भांडण एका प्रश्नावर येऊन ठेपतं. समाजाची साधनसंपत्ती म्हणजे फक्त नद्या, खाणी, जंगलं, की माझं-तुमचं घरसुद्धा?

१९७७ मध्ये कर्नाटकातल्या खाजगी बसगाड्यांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलं की खाजगी मालमत्ताही त्यात येते. (हे गृहस्थ १९५७ च्या केरळातल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते, हे माहीत असलेलं बरं.) सात जणांच्या खंडपीठात हे मत तिघांचं होतं, उरलेल्या चौघांनी आपण याला बांधील नाही असं नोंदवून ठेवलं. तरी पुढे कोळसा खाणींच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तेच मत उचललं.

आता मुंबईत या. गिरगाव, लालबाग, भायखळा, डोंगरी, इथल्या जुन्या इमारती बघा. वाशांना टेकू, सामाईक गॅलरी, जिन्याची पायरी झिजून मधे खोलगट झालेली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. भाड्यात रंगाचा डबाही येत नाही म्हणून मालक दुरुस्ती करीना. भाडेकरूनं पागडी मोजलेली, म्हणून तो जाईना. शेवटी सरकारनं दुरुस्तीसाठी उपकर लावला, दुरुस्ती मंडळ काढलं, आणि शहर भागातल्या १९ हजारांहून जास्त इमारती ‘उपकरप्राप्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात प्रकरण आठ-अ आलं. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर मंडळ इमारत ताब्यात घेऊन त्यांना देईल. मालकाला भरपाई महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट. समजा एका खोलीचं भाडं महिना ५० रुपये. म्हणजे त्या खोलीपोटी मालकाला ५,००० रुपये, तेही दक्षिण मुंबईत! आणि हे ३९ (ख) साठी आहे, असं कायद्यात लिहून ढालही पुढे धरलेली.

मालक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं १९९१ मध्ये त्यांची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण तीन न्यायमूर्तींकडून पाचांकडे, पाचांकडून सातांकडे आणि २००२ मध्ये नवांकडे गेलं. निकाल ५ नोव्हेंबर २०२४ ला आला.

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सात जणांच्या वतीनं लिहिलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, काही ठरू शकतात. ते ठरवताना साधन कोणत्या प्रकारचं आहे, समाजाच्या हितावर त्याचा परिणाम काय, ते दुर्मिळ आहे का, आणि मोजक्या हातांत एकवटल्यानं काय होतं, हे बघायचं. कृष्ण अय्यर यांची चूक दाखवताना त्यांनी आधार घेतला तो आंबेडकरांच्या १९४८ च्या भूमिकेचा: घटना एकाच आर्थिक सिद्धांताला बांधलेली नाही. न्या. नागरत्ना काही मुद्द्यांवर सहमत होत्या, पण त्या काळच्या न्यायमूर्तींना आजच्या चष्म्यातून दोष देणं त्यांना पटलं नाही. न्या. धुलिया यांनी पूर्ण विरोधी निकाल दिला.

मला धुलिया यांच्या भूमिकेत एक बिनतोड मुद्दा दिसतो. आर्थिक धोरण लोकांनी ठरवायचं म्हणता ना? मग कोणतं साधन समाजाचं, हेही निवडून आलेल्या विधिमंडळालाच ठरवू द्या. बहुमतानं आंबेडकरांचं १९४८ चं म्हणणं उचललं, पण चार कसोट्या घालून शेवटचा शब्द विधिमंडळाकडून कोर्टाकडे आणला. दुसऱ्या बाजूनं बघायचं तर एवढी मोठी ढाल देताना तिला काठ हवेतच. नाहीतर ३९ (ख) चं नाव घेऊन कोणतंही सरकार कोणाचंही घर पाच हजारात घेईल. शंभरपट भाड्याचा आकडा पाहिला की मालकांचा संताप समजतो. चाळीस-पन्नास वर्षं गॅलरीला टेकू लावून राहिलेल्यांचाही समजतो.

पुढे बरोबर २५ नोव्हेंबर २०२४ ला, आंबेडकरांच्या त्या इशाऱ्याच्या भाषणाला ७५ वर्षं झाली त्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयानं उद्देशिकेतला ‘समाजवादी’ शब्द काढण्याच्या याचिका फेटाळल्या. १९७६ च्या आणीबाणीतली ही भर कायम राहिली. पण त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य एवढाच, कोणतंही ठरावीक आर्थिक धोरण त्यातून निघत नाही, असंही कोर्टानं सांगितलं. म्हणजे वर ज्या दोन वाटा वेगळ्या केल्या, त्यांतली पहिलीच आता घटनेचा अधिकृत अर्थ आहे. गंमत म्हणजे पक्षाची नोंदणी करायची तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते, मग पक्षाचा जाहीरनामा सरकारी कारखाने विकण्याचा का असेना. ही खोटी शपथ नको म्हणून शरद जोशींनी राज्यसभेत खाजगी विधेयक आणलं होतं. ते कुठेच गेलं नाही.

प्रकरण आठ-अ वैध की अवैध, हे नऊ न्यायमूर्तींनी ठरवलंच नाही. ते नेहमीच्या खंडपीठावर सोडलं. दरम्यान मुंबईनं स्वतःची वाट काढली आहे. विकास नियमावलीच्या ३३ (७) खाली विकासक येतो, भाडेकरूला त्याच जागी मालकीची सदनिका फुकट मिळते, घरमालकाला आपला वाटा मिळतो, आणि बदल्यात सरकार विकासकाला जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, देतं. त्याचे वरचे मजले बाजारभावानं विकून सगळ्यांचे पैसे निघतात. मालकी कोणाची काढून घेतलेली नाही, तिजोरीतून रुपयाही गेलेला नाही, आणि गोठलेल्या भाड्याचा भाडेकरू मालक झालेला आहे. विकासकाचं गणित जिथे बसतं तिथे हे होतं. गल्ली अरुंद, प्लॉट छोटा, विक्रीला मजले कमी, अशा ठिकाणी दर पावसाळ्याआधी म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी लागते आणि माणसं बोचकी बांधून संक्रमण शिबिरात जातात.